गेणू मॅनेजरची संघबांधणी

आंबेखळ गावात एक भोळा मॅनेजर होता. म्हणजे आधी तो नुसताच भोळा होता. मॅनेजर त्याला त्याच्या दाजींनी केला.

त्याचं नाव गेणू. दाजी म्हणजे भाऊसाहेब, गावच्या कबड्डी संघाचे मालक. आता मालकाच्या मेहुण्याला काही कळत नाही, हे तोंडावर म्हणायची कुणाची छाती होणार? सगळे आपले ‘मॅनेजरसाहेब, मॅनेजरसाहेब’ करायचे. गेणूला ते खरंच वाटायचं.

संघाचं म्हणाल तर नुसतं वाटोळं झालं होतं. गेल्या लीगमध्ये शेवटचा नंबर. वर चांगले गडी शेजारच्या तांदुळगावने फोडून नेले. भाऊसाहेबांनी चावडीवर सांगून टाकलं, “यंदा परत शेवटी आलो, तर संघ बंद! मैदानावर मंगल कार्यालय बांधणार.”

हे ऐकून जोतिराम मास्तर तडक मैदानावर आले. मास्तर संघाचे कोच. त्या मैदानातला खडा न् खडा त्यांनी हाताने वेचलेला. बायको म्हणायची, घरात कधी केरसुणीला हात लावला नाही या माणसाने, पण मैदान रोज झाडतो.

मास्तरांनी गेणूला बोलावलं. “गेणू, आपल्याकडे चढाईला माणूस नाही. एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत पलीकडे जायचं आणि परत यायचं. चांगला दम असलेला गडी शोधून आण.”

“आणतो की!” म्हणाला गेणू.

तो थेट सरकारी दवाखान्यात गेला. बाकावर एक म्हातारबुवा बसले होते.

“आजोबा, तुम्हाला दम आहे का?”

“आहे का म्हणजे? उंबरा ओलांडला की लागतो बाबा.”

“मग चला!”

म्हातारबुवा मैदानात आले. ‘कब’ म्हणाले आणि खोकत बसले. ‘ड्डी’ काही निघेना. मास्तरांनी त्यांना पाणी पाजलं, रिक्षात बसवलं आणि गेणूकडे वळले.

“अरे शहाण्या, माणूस आधी पळवून बघावा! जो पळतो आणि कुणाच्या हाताला लागत नाही, तो आपला.”

“असं होय! मग आधी नाही का सांगायचं?”

चार दिवस गेले. मास्तर म्हणाले, “आता कोपऱ्याला एक भक्कम गडी पाहिजे. खांबासारखा उभा राहील असा.”

गेणूच्या डोक्यात मात्र आधीचं पक्कं बसलेलं. तो बाजारात गेला. बघतो तर एक माणूस सुसाट पळतोय, त्याच्या काखेत कोंबडी आणि मागे अर्धा बाजार. कुणाच्या म्हणजे कुणाच्या हाताला लागेना!

“हाच आपला!” म्हणून गेणूने त्याला मोटारसायकलवर घेतलं, कोंबडीसकट. मैदानात आणून त्याला संघाच्या नव्या जर्सी ठेवलेल्या खोलीत बसवलं. म्हणाला, “तुमच्या मापाची निवडा.”

त्याने सगळ्याच निवडल्या आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा मैदानाच्या फाटकाशी जसाच्या तसा सापडला. प्रत्येक जर्सीवर भाऊसाहेबांचा छातीभर फोटो होता ना. असला माल बाजारात कोण घेणार?

मास्तरांनी कपाळावर हात मारला. “अरे, तो पळत होता तेव्हा त्याचे पाय धरायला काय झालं होतं तुला?”

“पाय धरायचे. बरं, ध्यानात ठेवतो.”

मग मास्तरांनी स्वतःच फोन फिरवले. हातापाया पडून खंडेराव नावाचा नावाजलेला गडी पटवला. खंडेराव एसटीने येणार होता.

“गेणू, तू फक्त स्टँडवर जा आणि त्याला घेऊन ये. एवढं तरी जमेल ना?”

“न जमायला काय झालं?”

खंडेराव खांद्याला पिशवी अडकवून गाडीतून उतरला. गेणूने झेप घेतली आणि त्याचे दोन्ही पाय गच्च धरले. खंडेराव तोंडावर आपटला तो थेट फुटाणेवाल्याच्या टोपलीत. उठून पळायला लागला, तर गेणू त्याच्या पायाला लोंबकळत ओरडतोय, “पळतोय! पण आता नाही सोडायचा!”

खंडेराव नाकात अडकलेला फुटाणा काढत दुसऱ्या गाडीत चढला. ती गाडी तांदुळगावची होती.

मास्तर रडायचेच बाकी राहिले. “अरे नतद्रष्टा, असा गडी हातचा घालवतात का? बांधून ठेवावा लागतो, बांधून! आपला एक जरी गडी आता फुटला ना, तर मी तुझं तोंड बघणार नाही!”

गेणू मान डोलावत घरी गेला. या खेपेला त्याने फारच मनावर घेतलं.

शेवटी मास्तरांनी गावातलीच सात पोरं धरली. त्यांना पहाटे पळवलं, संध्याकाळी घुसळलं. आणि काय सांगू, पोरं खेळायला लागली हो! एक-दोन सामने जिंकलीसुद्धा. आता शेवटचा सामना तांदुळगावशी. तो जिंकला की मैदान वाचलं. मास्तर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सामन्याच्या दुपारी सातही जण मैदानाकडेच्या लिंबाखाली आडवे होऊन झोपले होते. तिकडे भाऊसाहेब माईक हातात धरून, ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती अशा पोरांचं कौतुक करत होते. “यंदा आमची संघबांधणी पक्की झाली आहे! अगदी पक्की!”

गेणू दचकला. दाजी तर म्हणतायत झाली, आणि आपण अजून काहीच बांधलं नाही!

तो धावत गोठ्यात गेला आणि बैलाचा कासरा घेऊन आला. सातही पोरांचे पाय त्याने एकमेकांना बांधले. गाठ अशी की ओढावं तितकी आवळावी. गुरांचं त्याला चांगलं कळायचं, ते काही खोटं नाही.

शिट्टी वाजली. कर्णधार उठला आणि बाकी सहांसकट पडला. मास्तर ओरडत आले.

“अरे, सोड त्यांना! लवकर सोड!”

“नाही हं मास्तर. हातचा गडी घालवायचा नाही, तुम्हीच सांगितलंय.”

पंच काही थांबेनात. विळा शोधेपर्यंत सामना सुरू झाला. चढाईला एकट्याने जायचं असतं, इथे सातही जण गेले. जाताना पडले आणि पडल्या पडल्या रेषेबाहेर गडगडले. अख्खा संघ एका फटक्यात बाद, आणि दर वेळी तेच! पलीकडे खंडेराव पोट धरून हसत होता. विळा आला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी माईकवर जड आवाजात दुःख व्यक्त केलं. कार्यालयाचा नकाशा मात्र त्यांच्या गाडीत होता.

दुसऱ्या दिवशी मैदानात खुंट्या ठोकायला माणसं आली. पाया आखायला त्यांना दोरी कमी पडली. गेणूने तोच कासरा काढून दिला.

मास्तर लिंबाखाली केरसुणी मांडीवर घेऊन बसले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गेणू त्यांच्याजवळ गेला, शेजारी बसला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

“रडू नका मास्तर,” तो म्हणाला. “एक तरी गडी फुटला का?”