आबांनी गप्प केलेली पेटी

एका गावात एक दूध शीतकरण केंद्र होतं आणि त्याचे अध्यक्ष होते हणमंतराव भोईटे. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. आबांचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. म्हैस आडवी आली तर म्हशीवर, चहा निवला तर चहावर, आणि कुणीच सापडलं नाही तर उन्हावर.

केंद्रात सकाळ-संध्याकाळ घरोघरचं दूध यायचं आणि एकाच मोठ्या टाकीत ओतलं जायचं. एकदा ओतलं की कुणाचं कुठलं ते वेगळं करता येत नाही. एवढ्याचसाठी टाकी गार राहायला हवी, नाहीतर साऱ्या गावाचं दूध जायचं. तालुक्याच्या दूध संघाचा नियम म्हणून केंद्रानं टाकीशेजारच्या भिंतीवर एक पेटी बसवून घेतली होती. पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. दूध किती गार आहे, वीज कधी गेली, जनरेटर कधी लागला, झाकण कधी उघडलं, सगळं तो मुकाट्यानं लिहीत बसायचा. तालुक्याहून आलेल्या रेवती खोत हिनं पेटी लावून दिली होती आणि काम चोख केलं होतं. मेमरी कार्ड इवलंसं, म्हणून जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जायच्या. ताज्या नोंदी वीज गेली तरी कार्डावर टिकायच्या. आणि प्रत्येक नोंदीची एक प्रत संघाच्या कॉम्प्युटरवर जायची.

आबांना एक वाईट खोड होती. वीज गेली की जनरेटर लगेच लावायचा नाही. "येईल आता," म्हणत बसून राहायचं. डिझेल वाचायचं आणि दूध कोमट व्हायचं. पूर्वी हे कुणाला कळत नसे. आता पेटीनं लिहिलं आणि संघाला कळलं. संघाच्या सभेत संघाचे मुख्य अधिकारी जगदाळे साहेब यांनी साऱ्या गावांच्या अध्यक्षांसमोर विचारलं, "आबा, तुम्ही दूध जपताय की डिझेल?"

सगळे हसले. आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आपली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर राग जास्त. तो राग जनरेटरकडे वळला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण नाही! माणसाला सुधारण्यापेक्षा चिडणं सोपं वाटतं. आबा वळले पेटीकडे.

त्यांनी रेवतीला बोलावून घेतलं. "ही पेटी माझी चहाडी करतीया. हिचं तोंड बंद कर."

"आबा, ती चहाडी करत नाही. घडलं तेवढंच लिहिते."

"मला शिकवू नगंस! संघाला जाणारी प्रत बंद कर. आन कार्डावर कायबी लिवायचं न्हाई."

"मग नोंदी नुसत्या तात्पुरत्या मेमरीत राहतील. वीज गेली की सगळं कोरं."

"त्येच तर पायजे!"

पेटी केंद्राची, हुकूम अध्यक्षांचा. रेवतीनं रागारागानं बटणं दाबली आणि चहा न घेताच निघून गेली. संघाला आबांनी सांगितलं, गावात नेट धड चालत नाही. संघानं ते खरं मानलं. येऊन बघण्याचे कष्ट कुणाला हवे होते?

गावात वीज रोज जायची. रोज पेटी कोरी व्हायची. आबा खूश आणि दूध कोमट. शेवटी एकदा दूध नासलं. ते कळायला संघाला पेटी लागली नाही, नाक पुरलं. जगदाळे साहेबांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर केंद्राला कुलूप."

आता मात्र आबा घाबरले. गावात दुसरी डेअरी नव्हती. कुलूप लागलं तर घराघरातलं दूध जाणार कुठं? ते टाकीजवळ खुर्ची टाकून बसू लागले. वीज जायचा अवकाश, स्वतः उठून जनरेटर लावायचे. दूध कसं, हवं तसं गार! पेटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. पुन्हा रेवतीला बोलवायचं आणि आपणच बंद केलेलं आपणच चालू करायला सांगायचं, हे त्यांच्या मानी स्वभावाला जमेना.

एके दिवशी संघाचा टँकर गार दूध भरून निघाला. ड्रायव्हरनं तो घाटात भर उन्हात उभा केला आणि सावलीत ताणून दिली. संघात पोचेपर्यंत दूध नासलं. ड्रायव्हर बेधडक म्हणाला, "भरतानाच कोमट होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदाळे साहेब कुलूप घेऊनच आले. दूध घालायला आलेली माणसं किटल्या घेऊन दारातच थबकली.

"खोटं हाय!" आबा गरजले. "दूध गार व्हतं. म्या सोता टाकीवरचा काटा बघितलाय. इस्वास नसंल तर पेटी उघडा, ती सांगंल!"

बोलून गेल्यावर त्यांना आठवलं.

रेवतीला बोलावलं. तिनं पेटी उघडून पाहिली. पहिलीच नोंद काल संध्याकाळची. "काल संध्याकाळी वीज गेली होती, आबा. जनरेटर लागेपर्यंत पेटी बंद पडली आणि आधीचं सगळं पुसलं गेलं."

"मग संघाकडची प्रत?"

"ती तर तुम्हीच बंद करायला लावलीत, आबा." रेवतीनं पेटीचं झाकण लावलं.

आबांनी पेटीवर जोरात मूठ आपटली. "बोल की! आज खरं हाय तर बोल की!" पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला.

तेव्हा अनसाबाई पुढं आल्या. त्यांचं घर दोन म्हशींच्या दुधावर चालायचं. त्या रागानं म्हणाल्या, "आबा, तुमी खरं बोलताय ह्ये मला पटतंय. पर मला पटून काय उपेग? साक्षीदाराची जीभ तुमीच कापली. आता साक्ष कुणाची काढायची?"

जगदाळे साहेबांनी कुलूप लावलं. अनसाबाईंनी भरलेली किटली पायरीवर उपडी केली आणि पाठ फिरवून चालू लागल्या. दूध वाहत वाहत आबांच्या चपलांपर्यंत आलं. आत्ताच काढलेलं होतं, अजून कोमट होतं.

तात्पर्य: आपली चूक झाकायला जो साक्षीदाराचं तोंड बांधतो, तो निर्दोष असतो त्या दिवशीही त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उरत नाही.