रथाच्या कण्याला कान

एकदा एक तरुण सुतार आयुष्यातला पहिला रथ घडवून देवळापुढे उभा होता. ढोल दणाणत होते, गुलाल उडत होता, आणि त्याच्या अंगावर आनंदाने काटा येत होता. नवस बोललेला एक व्यापारी उपाशीपोटी, अनवाणी, दोराला हात घालून मुहूर्ताची वाट पाहत होता. मागे शंभर माणसं, पुढे घाटाचा तीव्र उतार.

तेवढ्यात सुताराचे वृद्ध गुरू गर्दीतून पुढे आले. "ढोल थांबवा. दोर जरासा ताणा, आणि कोणी बोलू नका." एवढं म्हणून ते चक्क मातीत आडवे झाले आणि दोन चाकांना जोडणाऱ्या लाकडी कण्याला त्यांनी कान लावला.

"सुतारबाबा, रथाची नाडी बघताय की काय? अहो, मुहूर्त टळला तर माझा नवस राहील!" व्यापारी कळवळला.

गुरूंनी चाकाच्या भोकातून तेलात भिजलेल्या चिंध्या ओढून काढल्या. "या कोणी ठासल्या?"

शिष्य पुढे आला. "मीच, बाबा. काल रथ ओढून पाहिला तेव्हा चाकापाशी कुरकुरत होता. नवाकोरा रथ कुरकुरला तर लोक हसतील, म्हणून..."

"चाकापाशीच? हा घे ठोकळा. ठोकून विचार कण्याला."

शिष्य रथाखाली शिरला. चार-चार बोटांवर ठोकत सरकू लागला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. अगदी मध्यावर आला, आणि भद्द! तो मागे सरकला, ठण्ण. पुन्हा पुढे, भद्द!

"बाबा, इथं! इथंच आहे!" तो ओरडलाच. पटाशीने शेंदराचा थर खरवडला, दोन बोटं लाकूड काढलं, आणि आत वीतभर लांब चीर दिसली. व्यापाऱ्याच्या हातून दोर गळाला.

गुरू शांतपणे म्हणाले, "बाळा, भार पडला की लाकूड मोडण्याआधी बोलतं. दुखतं कुठे तेही सांगतं, पण जवळ जाऊन विचारावं लागतं. तुझी आई मडकं वाजवून घेते, तसंच हे. तू त्याचं तोंड बांधलंस, आणि तुला वाटलं दुखणं गेलं."

गुरूंच्या पायांवर डोकं ठेवून शिष्य दुसरं लाकूड आणायला धावला. व्यापारी पायरीवर बसला. "होऊ द्या सावकाश. घाई देवाला नव्हती, मलाच होती."

दिवस कलताना नवा कणा बसला. दोराला हात लावण्याआधी व्यापारी स्वतःच रथाखाली शिरला, ठोकून पाहिलं, आणि गुलालाने माखलेलं तोंड बाहेर काढून लहान मुलासारखा ओरडला, "खणखणीत आहे हो! ओढा!"

आपल्या घरातलं एखादं माणूस कुरकुरू लागलं, तर त्याला गप्प करण्याआधी घडीभर जवळ बसून ऐकावं.