कोंबाचा नेम

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून कुणाला तरी एक चांगली गोष्ट सांगायची. त्यातलीच ही एक.

एकदा एक वृद्ध आचार्य तीर्थयात्रेला निघाले आणि आश्रमाचा कारभार आपल्या आवडत्या शिष्यावर सोपवून गेले. शिष्य तरुण, श्रद्धाळू, बुद्धीने तल्लख. आषाढी एकादशीला त्याने सर्वांसमोर जाहीर केले, "चार महिने या स्वयंपाकघरात डाळ, दूध, तूप नाही. भाकरी आणि पालेभाजी, बस!" गावातला व्यापारी तर हे ऐकून त्याच्या पायाच पडला. शिष्याला फार बरे वाटले.

आश्रमाचा स्वयंपाक सुंदरा करीत असे. तिचे मूल अजून अंगावर पीत होते. थोड्याच दिवसांत तिला दूध पुरेना. चुलीशेजारच्या झोळीत पोर रडरड रडे. शेवटी धीर करून ती म्हणाली, "बुवा, माझ्यापुरती मूठभर डाळ शिजवू का? पोराचं पोट भरत नाही हो."

पंगत बसलेली होती. शिष्य सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सुंदरा, देवाच्या दारात राहून जिभेचे चोचले?"

दोघे-तिघे हसले. ती पदर सावरून आत गेली. पुन्हा तिने कधी विचारले नाही.

श्रावण सरता सरता आचार्य परतले. सुंदराने त्यांच्या पायांवर पाणी घातले, तेव्हा भरला तांब्या तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला. आचार्यांनी तिच्याकडे पाहिले, झोळीकडे पाहिले. आश्रमातल्या नेमाची बातमी त्यांना वाटेतच कळली होती. शिष्याला घेऊन ते परसात गेले. बियाण्यासाठी ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगांतली एक त्यांनी फोडली, दाण्याच्या दोन्ही पाकळ्या अलगद वेगळ्या करून बाजूला टाकल्या आणि टोकाचा इवलासा कोंब तेवढा कुंडीत पेरला. वर हळद-कुंकूही वाहिले!

शिष्याला हसू आवरेना. "गुरुजी, हे काय? पाकळ्याच काढल्यात, आता हा कोंब वाढेल कशावर?"

"याचा नेम आहे," आचार्य शांतपणे म्हणाले. "याने सगळे सोडले आहे."

"याने कुठे सोडलंय? तुम्हीच तर काढून घेतलंत त्याच्याकडून!"

शब्द तोंडातून गेले, आणि त्याच वेळी आतून पोराचे रडणे ऐकू आले.  शिष्याचे कान तापले. आपण काय बोललो, कुणाला बोललो आणि कुणासमोर बोललो, ते सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मान वर करवेना.

आचार्यांनी टाकलेल्या पाकळ्या उचलून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "चुरडून बघ. बोटाला लागते ते तेल. ती पुढच्या दिवसांची शिदोरी, आणि देहाच्या कणाकणाभोवतीचे कुंपणही त्या स्निग्धतेचेच. जिभेला लागतो तो थोडा पिठूळ गोडवा. तो सरपणासारखा जळून जीव चालता ठेवतो. आणि या दोहोंबरोबर जे सत्त्व आहे, त्याच्या विटांनी अंग बांधले जाते, झिजलेले भरून निघते. कोंबात काय आहे? कोंबात आज्ञा आहे, की शेंगदाण्याचे रोप व्हावे. बाळा, आज्ञा पवित्रच असते. पण ती पाळायला अंग लागते. तू सुंदराच्या हाती नुसती आज्ञा दिलीस, आणि अंग काढून घेतलेस."

(माझी सून शाळेत विज्ञान शिकवते. ती यांना स्निग्ध पदार्थ, कर्बोदके, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले म्हणते. आणि आचार्यांचे काही चुकले नाही, असेही म्हणते.)

शिष्य उठून स्वयंपाकघरात गेला. स्वतः डाळ-तांदूळ धुतले, चूल पेटवली. सुंदरा घाबरलीच. "बुवा, नेम मोडेल ना तुमचा!"

"माझा नाही मोडत. तुझा तो कधी नव्हताच. मी भर पंगतीत बोललो, सुंदरा. उद्या भर पंगतीतच क्षमा मागेन. आज आधी जेव."

त्याने भातावर डाळ वाढली आणि तुपाची धार सोडली. हात थांबेना.

"पुरे, पुरे! एवढं तूप? लग्न आहे का कुणाचं?" ती हसत म्हणाली. त्याला मात्र हसता आले नाही. तिने पहिला घास घेईपर्यंत तो खाली मान घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पंगतीत त्याने क्षमा मागितली आणि इतरांवरचा नेम उठवला. त्याने स्वतः नेम शेवटपर्यंत पाळला, पण आपल्या वाटणीचे दूध रोज सुंदराच्या पेल्यात ओतून. हळूहळू झोळीतले रडणे कमी झाले. परसातली ती कुंडी मात्र रिकामीच राहिली. त्याने ती मुद्दाम उचलली नाही. जाता-येता तिच्याकडे पाही.

बायांनो, यंदा तुम्हीही काही सोडणार असाल. जरूर सोडा. एवढेच करा, की आपल्याच ताटातले सोडा, आणि सोडलेले एखाद्या बाळंतिणीच्या ताटात वाढा.