आधी एक बैल मोड

खूप जुनी गोष्ट आहे. त्या वेळची झाडंसुद्धा आता कुणाच्या तरी दाराची चौकट होऊन म्हातारी झाली असतील.

एका गावात तान्हा पोळा मोठ्या हौसेने व्हायचा. पोरं लाकडी बैलाला झूल घालायची, दोरी बांधायची आणि गावभर ओढत मिरवायची. पण सुताराचं घर एकच, आणि हाताने बैल कोरायचा म्हणजे काय खेळ आहे? पाटलाच्या नातवाचा व्हायचा, सावकाराच्या लेकाचा व्हायचा, तेवढ्यात पोळा दारात. बाकीची पोरं भिंतीला टेकून बघायची. पाटलाच्या गड्याची पोर तर जळणाच्या ढलपीला दोरी बांधून मिरवणुकीत शिरली. तिला हाकलून दिलं.

सुताराची थोरली सून हे बघत होती. नवरा गेल्यावर त्याचा रंधा तिने हाती धरला होता. तिने अंगावरचं सोनं मोडलं आणि दूरदेशाहून एक यंत्र आणलं, ओढ्याच्या पाण्यावर चालणारं. फळी घट्ट आवळायची, आकृती एकदा दाखवायची, की त्याचा पोलादी दात रेषेवरून असा चालायचा की बघत राहावं! थकवा नाही, कुरकुर नाही. पहिला तुकडा जसा, शेवटचाही तसाच.

यंदा प्रत्येक पोराला बैल देईन, असं सांगून तिने पाटलाकडे लाकूड मागितलं. पाटील म्हणाला, "सागाचं एक झाड देतो. दुसरं मागायचं नाही. एक जरी पोर बैलाविना राहिलं, तर हे धूड ओढ्यात ढकलीन."

"द्या झाड," सुतारीण म्हणाली. "आणि पोळ्याला बघायला या."

झाडाच्या जाड फळ्या निघाल्या. सुतारणीने त्यांवर बैल दाटीवाटीने आखले. पण यंत्राकडून कापला एकच, आणि पाणी अडवलं.

धाकटा दीर हसला. "वहिनी, एका बैलासाठी सोनं मोडलंत होय? एवढा तर मी जेवता जेवता कोरतो!"

"मग इतकी वर्षं नुसते जेवतच होतात का, भाऊजी?"

तिने गड्याच्या पोरीला हाक मारली. "हा घे. मोडून दाखव."

"मोडू?" पोर घाबरली.

"मोड म्हणते ना! दगडांवरून ओढ, पायरीवरून आपट."

पोरीने बैल असा पळवला की दुसऱ्याच पायरीवर त्याचा पुढचा पाय कटकन गेला.

"यंत्राचा बैल लंगडा!" दीर ओरडला. अख्खी आळी हसली. पोर रडायला लागली.

सुतारणीने तुटका पाय उचलून निरखला. लाकूड वाचावं म्हणून तिने बैल कसेही आडवेतिडवे बसवले होते. त्यामुळे लाकडाचे रेशे, म्हणजे आतले धागे, पायात उभे न येता आडवे आले होते. आडव्या रेशांचा पाय तग धरतो कुठे?

"रडू नकोस गं, माझं काम केलंस तू," ती म्हणाली. "यंत्राने मी सांगितलं तेच केलं. माझी मांडणी चुकली. सगळे कापले असते तर सगळे लंगडे निघाले असते, आणि झाडही संपलं असतं."

तिने आखणी पुसली. बैल फिरवून मांडले. थोडं लाकूड वाया गेलं तर गेलं. पुन्हा एकच कापला, पुन्हा त्याच पोरीच्या हाती दिला.

पोर ओढून ओढून घामाघूम झाली. "काकू, मोडतच नाही गं हा!"

तेव्हा सुतारीण म्हणाली, "भाऊजी, आता सोडा पाणी."

यंत्र धावत सुटलं. फळीमागून फळी, बैलामागून बैल. दिराचं हसणं कुठल्या कुठे पळालं. तो कडा घासायला बसला, आणि डोळे त्याने एकेकाचे हाताने रंगवले, कारण ते काम त्याच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं.

तान्ह्या पोळ्याला भिंतीला टेकलेलं एकही पोर दिसलं नाही. पाटलाने तोंड वाकडं केलं. "माझ्या नातवाचा आणि गड्याच्या पोरीचा बैल सारखाच?"

"सारखाच," सुतारीण म्हणाली. "उलट तिचा अस्सल. तिने पारखला म्हणून तुमच्या नातवाचा चालतोय."

आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे, दगडांवरून खडखडत, त्या पोरीचा बैल गेला.

तात्पर्य: यंत्र तुमचं शहाणपण जितक्या इमानाने गिरवतं, तितक्याच इमानाने तुमची चूकही, म्हणून पुष्कळ घडवण्याआधी एक घडवावं आणि ते मोडून बघावं.