ठकूबाईच्या मुक्या घंटा

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? जो बरा होऊन घरी आला त्याच्यावर, की जो परत आलाच नाही त्याच्यावर? मी पडलो भांड्यांचा व्यापारी. पितळ घेऊन आंबेखोलला मुक्कामाला असताना तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, तेच तुमच्यापुढे ठेवतो.

फार जुनी गोष्ट. आंबेखोलला खोलाईचं देऊळ आणि देवळापुढे कुंड. कुंडाचं तीर्थ प्यालं की कसलाही आजार उतरतो, असं म्हणत. बरा झालेला माणूस देवळाच्या तुळईला घंटा बांधायचा. वारा सुटला की अख्खा डोंगर किणकिणायचा. कुणी शंका काढली तर धर्मा गुरव हसून वर बोट दाखवी. "एवढ्या घंटा खोटं बोलतात होय रे?"

त्या घंटा ओतायची ठकूबाई ओतारीण. नवऱ्यामागे भट्टी तिनंच सांभाळली होती.

एका साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. गावोगावचे आजारी खोलाईपुढे आणून निजवले. त्यांची भरलेली लुगडी-धोतरं कुंडाच्या पायरीवर धुतली जात, आणि त्याच पाण्याचं तीर्थ मिळे. ठकूबाईनंही आपल्या लेकीला, येसूला, ओंजळीनं पाजलं. दिवस मावळायच्या आत येसू गेली.

ठकूबाई गुरवापुढे उभी राहिली. "धर्मादादा, जगली असती तर घंटा बांधली असती. आता काय बांधू?"

"गेलेल्याची कसली घंटा, ठकू? भाव कमी पडला असंल."

"माझा पडला असंल. पण मसणवट्यात जागा उरली नाही. साऱ्या मुलखाचाच भाव आटला का?"

गुरव पळी घेऊन दुसऱ्या आजाऱ्याकडे वळला. ठकूबाईनं येसूचा तांब्या वितळवून घंटा ओतली, आत लोलक घातला नाही, आणि ती मुकी घंटा तुळईला बांधली.

मग लोक आपापल्या मेलेल्यांची भांडी तिच्या दारात ठेवून खालमानेनं जाऊ लागले. भांड्यांवर नावं कोरलेली असत, म्हणून कोण गेलं ते तिला कळे. भर पावसात तिची भट्टी विझली नाही, असं म्हणतात. एके दिवशी दारात पेला दिसला. नाव होतं गुरवाच्या बायकोचं. 'माहेरी गेलीय' म्हणून तो सांगत होता, ती.

ठकूबाईनं तिचीही घंटा बांधली. तेवढ्यात घाट चढून एक बाई आली, पाठीशी झोळीत तापानं फणफणलेलं पोर. गुरवानं सवयीनं तीर्थाची पळी भरली.

"बाबा, बरं होईल ना हो?"

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. तरी जिभा नसलेल्या त्या घंटा घुमल्या, असं म्हणतात. गुरवानं पळीतलं तीर्थ मातीत ओतलं. "पोरी, ह्या पाण्यानं माझी बायको गेली. वरच्या झऱ्यावर जा."

पोर वाचलं का? कुणी वाचलं म्हणतं, कुणी नाही. मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तसं सांगणाऱ्यांनीच तर घात केला होता.

ठकूबाईही त्याच साथीत गेली. तिची घंटा ओतायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून गुरवानं तिची धातू वितळवायची मूसच तुळईला टांगली. कुंड तेव्हापासून शिळा टाकून बंद आहे. आजही आंबेखोलला बरा झालेला वाजती घंटा बांधतो आणि मेलेल्याच्या घरचे मुकी. नवस बोलायला आलेल्याला आधी मुक्या घंटांखालून नेतात, मग देवीपुढे.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. कुणाला गुण आला ते सांगाल, तेव्हा कुणाला नाही आला तेही सांगा. वहीत जमा लिहिता, तर नावेही लिहा.