बेहडा कुठे मोडला?

कार्तिक वद्य तृतीया. पहाटे धुके, मग स्वच्छ ऊन. वारा अजिबात नाही.

अशा शांत सकाळी एका जंगलातला सर्वांत जुना बेहडा कडाडून मोडून पडला. मुलांनो, त्या झाडाचा मान मोठा होता. पावसाळा सरला की लहानमोठा प्रत्येक प्राणी ओढ्यातला गाळ आणून त्याच्या बुंध्याशी घालत असे. तशी तिथली रीतच होती. त्यामुळे सगळे हळहळले आणि लगेच दोषी शोधू लागले.

"शोधायचं काय त्यात?" कोल्हा म्हणाला. "काय सुतारपक्ष्या, वर्षभर टकटक तुझीच ना? ठोक आता जमिनीवर!" पंच असलेल्या अस्वलाने निकाल दिला, "ऊन उतरायच्या आत या जंगलातून चालता हो." सुतारपक्षी रडकुंडीला आला. दुसरे जंगल त्याने पाहिलेही नव्हते.

तेवढ्यात म्हातारी घोरपड पुढे आली. "अस्वलदादा, ऊन उतरायला अवकाश आहे. मला जरा पाहू द्या."

"आजी, तुमचं पाहून होईपर्यंत पुढचा पावसाळा येईल!" कोल्हा हसला.

घोरपड पडलेल्या खोडावरून शेंड्यापासून खालपर्यंत सावकाश सरपटत गेली. सुतारपक्ष्याची भोके सतरा होती. एकाजवळही लाकूड मोडले नव्हते. खोड मोडले होते ते थेट गाळात. तिथे तिने उकरायला घेतले. दोन शेपट्या खोल गेल्यावर जुनी जमीन लागली. गाळात पुरलेली सगळी साल काळी, ओली, नख लावताच सुटणारी.

"बुंध्याला वारा लागायला हवा," ती म्हणाली. "आपण तो वर्षानुवर्षं पुरत गेलो. ओल धरून तो आतून कुजला. म्हणून तर वारा नसतानाही पडला."

अस्वल पंजे मागे लपवत पुटपुटले, "मी तर दरवर्षी चार ओंजळी घालायचो. मायेनेच, हो!"

"नाही कोण म्हणतंय? तेच पंजे घेऊन आता त्या मोहाच्या झाडाकडे चला. त्यालाही आपण तीन वर्षं गाळ घालतोय."

ऊन उतरेपर्यंत मोहाभोवतीचा अर्धी शेपटी गाळ निघाला. खालची साल टणक होती. सुतारपक्षी मोहावर राहायला गेला.

तात्पर्य : दोष कोणाचा हे ठरवण्याआधी मोडले कुठे ते पाहावे, आणि आपण मायेने केलेलेही तपासून घ्यावे.