फार स्थिर हात

“पर म्हाराज, रगत का येतंय?”

“कुठनं येतंय?”

“गालातनं.”

“मग ठीक हाय. वस्तऱ्यातनं आलं असतं तर काळजीची गोष्ट हुती.”

सोमगिरी महाराजांनी तुरटीचा खडा पुढे सरकवला आणि पुन्हा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले. हैबतरावांनी खडा गालावर घासला. चरचरलं. पण त्याहून जास्त चरचरलं ते आत कुठेतरी.

हैबतराव काटे हे नाव वारणाकाठी कुणाला सांगावं लागत नसे. दांडपट्टा फिरवावा तर त्यांनीच. जोडीदाराच्या तळहातावर लिंबू ठेवायचं, स्वतःच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं, गिरक्या घेत यायचं आणि लिंबाच्या दोन फोडी करून पुढे निघून जायचं. तळहातावर ओरखडाही नाही. दसऱ्याला चार गावं हा खेळ बघायला लोटत.

असा हा माणूस आता रोज सकाळी नदीच्या पायरीवर उभा राहून स्वतःचाच गाल कापून घेत होता. आपण हसू नये, पण मठातली गायसुद्धा त्यांच्याकडे मान वाकडी करून बघे.

सगळी गोम मठाच्या रीतीत होती. नदीकाठच्या उंच डगरीवरच्या या लहानशा मठात न्हावी येत नसे आणि आरसाही नव्हता. शिष्य व्हायचं असेल त्याने आधी आपली दाढी आपल्या हाताने करायची. ती साधली की पौर्णिमेला गुरूची करायची. गुरूच्या गळ्यावरून शिष्याचा वस्तरा फिरला की झाली दीक्षा. मंत्र नाही, होम नाही. आणि नाहीच जमलं, तर पौर्णिमेच्या दिवशी वळकटी बांधून आल्या वाटेने परत जायचं.

ही रीत कुणी घातली असं कुणी विचारलं तर महाराज म्हणत, “माझ्या गुरूला इचारायचं ऱ्हाऊन गेलं.”

हैबतरावांना वाटलं होतं, हे तर डाव्या हाताचं काम. पट्टा चालवणाऱ्याला वस्तरा काय जड?

जड नव्हता, पण कापत होता. ते पाय रोवून उभे राहत. कोपर बाहेर, हात तोंडापासून लांब, हवेत, आणि गालाला टेकलेली फक्त पात्याची धार. आपल्या हत्याराच्या वाटेत आपलं अंग येऊ द्यायचं नाही, ही उस्तादाची पहिली शिकवण त्यांच्या हाडात मुरली होती. आता हत्यार अंगावरच चालवायचं होतं, पण हाडांना ते कोण सांगणार?

रोज संध्याकाळी महाराज म्हणत, “हैबता, हात पुढं कर.”

हैबतराव हात पुढे करत. महाराज त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवत. पाणी जराही हलत नसे.

महाराज बराच वेळ वाटीकडे बघत…

“लई थीर हाय अजून,” ते म्हणत आणि वाटी उचलून घेत.

पहिल्यांदा हैबतरावांना हे कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की म्हातारा हे म्हणताना मान नाही अशी हलवतो.

तीच वाटी महाराजांच्या हातात गेली की निम्मं पाणी धोतरावर सांडे. त्यांच्या हाताला कंप होता. चहाची कपबशी किणकिणत येई. सोललेल्या शेंगदाण्यांपैकी अर्धे जमिनीवर पडत आणि ते खायला चिमण्या टपून असत.

आणि या म्हाताऱ्याचा गाल मात्र घासलेल्या तांब्यासारखा लख्ख, कुठे खूण नाही की ओरखडा नाही.

हे कसं? या एका कोड्याने हैबतरावांची झोप उडवली होती. अपमान माणूस गिळतो, पण असं कोडं गिळता येत नाही. खरं सांगायचं तर ते एव्हाना निघूनच गेले असते, या कोड्यापायी थांबले होते.

एकदा त्यांनी ठरवलं, गाल राहू दे, आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवू. परसातल्या वेलावर एक कोवळा कोहळा होता. कोवळ्या कोहळ्यावर बारीक टोचरी लव असते. हैबतरावांनी तो पाण्याने चोळला आणि वस्तऱ्याने असा तासला की साल कुठेही दुखावली नाही. देठापासून तोडून त्यांनी तो महाराजांपुढे आणून ठेवला.

“बगा. एक वरखडा दावा.”

महाराजांनी कोहळ्यावरून हात फिरवला. उलटून दुसऱ्या बाजूनेही फिरवला.

“झकास. मग ह्येलाच दीक्षा दिऊया का?”

“थट्टा करू नगा, म्हाराज.”

“थट्टा कशापायी? तुझ्यापरास शांत हाय गडी. येवढा वस्तरा फिरला, पर हलला सुदीक न्हाई.”

संध्याकाळी कोहळ्याची भाजी झाली. महाराजांनी दोनदा वाढून घेतली. हैबतरावांच्या घशाखाली ती उतरेना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी दोघे पिंपळाखाली बसले होते. हैबतरावांच्या गालावर ताज्या जखमा होत्या. उद्या वळकटी बांधावी लागणार हे त्यांना दिसत होतं, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याचं भय वाटत होतं.

“गावात येवढं नाव हुतं तुझं,” महाराज म्हणाले. “हिकडं कशाला आलास?”

हैबतरावांनी पिंपळाचं एक गळलेलं पान उचललं.

“दसऱ्याला लिंबू कापलं… लोकांनी खांद्यावर घेतलं मला. खाली उतरलो तर धोंडी दिसला. माझा जोडीदार. आमी लहानपणापास्नं संगं. त्येच्याच हातावर लिंबू ठिवत आलोय. तर त्यो हात काखंत दाबून बसलेला. म्हनलं, काय झालं रं? लागलं का?”

“मग?”

“म्हनला, लागलं न्हाई. पर दर साली माझा हात लटलटा कापतो, हैबता. तुला कदी कळलंच न्हाई.”

महाराजांच्या बोटांतून एक शेंगदाणा निसटला. चिमणी आली आणि घेऊन गेली.

“माझ्या डोळ्यांवर फडकं असतंय, म्हाराज.”

“हां… फडकं असतंय खरं.”

“त्या दिसापास्नं पट्ट्याला हात लावावा वाटंना. भैरोबाच्या देवळात ठिवला आन निघालो. परत जायाचं तर कुठल्या तोंडानं जाऊ?”

“जे हाय त्याच तोंडानं. दुसरं कुठनं आणनार?”



पौर्णिमेला तांबडं फुटायच्या वेळी महाराज पायरीवर बसले. पुढे पाण्याची वाटी, शेजारी वस्तरा आणि त्याला धार लावायची चामड्याची वादी. हैबतराव त्यांच्या मागे येऊन उभे राहिले आणि दोनदा खाकरले.

“म्हाराज… तुमी कसं करता, ते दावता का?”

वाचणाऱ्याला वाटेल, यात काय मोठंसं? पण इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. रक्त का येतं, असं विचारणं सोपं. त्यात वस्तऱ्यावरही खापर फोडता येतं. दाखवा म्हणायचं तर आपल्याला येत नाही हे कबूल करावं लागतं.

“बस की हितं,” महाराज म्हणाले. “तोंडच हाय, लपवायचं काय त्यात?”

त्यांनी गालावर पाणी चोळलं. अर्धं सांडलं. वस्तरा वादीवर ओढून वर उचलला. पातं हवेत थरथरत होतं आणि त्यावरचा उजेडही थरथरत होता. 

महाराजांनी डाव्या हाताने कानाजवळची कातडी ताणली. उजव्या हाताची करंगळी आणि तळवा गालावर टेकवला, सगळा भार टाकून, अगदी भिंतीला पाठ टेकून बसावं तसा.

खर्र… खर्र…

पातं गालावरून उतरत आलं. मागे स्वच्छ, कोरडी कातडी उरली.

“थांबलं!” हैबतराव ओरडलेच. “कापरं थांबलं तुमचं! कुठला मंत्र म्हनला मनातल्या मनात? मला द्या त्यो, म्हाराज!”

महाराजांना इतकं हसू आलं की वस्तरा गालापासून दूर धरावा लागला.

“मंत्र? हिकडं ये. हात लाव हितं.”

त्यांनी वस्तरा पुन्हा गालाशी नेला, हात गालावर टेकवला आणि हैबतरावांचा पंजा त्या हातावर ठेवून घेतला.

हैबतरावांना कळेना. हात थरथरत होता. होता तसाच, जराही कमी नाही. त्यांनी बोटं थोडी खाली सरकवली. हाताखाली गालही थरथरत होता. हात आणि गाल एकमेकांना धरून एकाच लयीत हलत होते, आणि मधे पातं निवांत पडून होतं.

“थांबलं का?”

“न्हाई…”

“मग?”

हैबतरावांनी पंजा तिथेच राहू दिला. फार दिवसांनी त्यांना गप्प राहून बरं वाटत होतं.

महाराजांची दाढी झाली. त्यांनी फक्त गळा तेवढा ठेवला, शिष्यासाठी. मग वस्तरा पुढे केला.

हैबतराव पायरीवर उभे राहणार, तोच खाली बसले. कोपर अंगाशी घेतलं आणि हात स्वतःच्या गालावर टेकवला. गाल ऊन होता, थोडा आत गेलेला, वडलांचा होता तसा. आपण म्हातारे व्हायला लागलो हे त्यांना या हाताने आत्ता कळलं. त्यांना स्वतःचीच माया वाटली, आणि माया वाटली म्हणून लाजही वाटली.

खर्र… खर्र…

हनुवटीखाली एक बारीक लाल ठिपका आला, तेवढाच. ते उठले तेव्हा सूर्य वर आला होता आणि त्यांना नाचावंसं वाटत होतं.

“झालं, म्हाराज! बगा! झालं!”

“तुझं झालं,” महाराज म्हणाले. त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले. “आता माझं.”

हैबतरावांनी वस्तरा धुतला, वादीवर ओढला. गळ्याला पाणी लावलं आणि आपला तो चार गावांत गाजलेला हात महाराजांच्या गळ्यावर टेकवला.

पातळ, सुरकुतलेली कातडी होती. तिच्याखाली एक शीर टकटकत होती. सगळा गळा आतून बारीक कापत होता, आणि ते कापणं हैबतरावांच्या बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात चढत आलं.

लिंबाखालचा धोंडीचा तळहात असाच होता का? दर साली, गिरक्या घेत आपण येत असताना?

पात्यावर पाण्याचा एक थेंब होता. तो हलला, आणि पडला.

हैबतराव दोन पावलं मागे सरले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा हात त्यांचं ऐकत नव्हता. आज नाही म्हटलं तर काय होणार, ते त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी वस्तरा मिटला.

“न्हाई जमायचं, म्हाराज. वळकटी बांधतो मी.”

“का रं?”

“हात… हात थरथरतोय.”

महाराजांनी डोळे उघडले नाहीत. हवेत चाचपडत त्यांनी हैबतरावांचं मनगट शोधलं आणि क्षणभर धरून ठेवलं. दोन्ही हात कापत होते…

मग त्यांनी हनुवटी आणखी थोडी वर केली.

“मग आता वस्तरा लाव.”